हरी अप! घाई मला, की मी घाईत?



‘अति घाई, संकटात नेई’ ही पाटी महाराष्ट्रात प्रवास केलेल्या माणसाने वाचलेली नाही असं होणारच नाही. घाटात, वळणावर, पुलाच्या तोंडाशी, कुठेही ती भेटते. तिची इंग्रजी मावसबहीण म्हणजे डोंगराळ रस्त्यांवरची ‘नो हरी, नो वरी’. दोन्ही पाट्यांत यमक आहे, दोन्हींचा सल्ला एकच आहे आणि दोन्हींत घाई हे साधं नाम आहे. इथपर्यंत मराठीचं आणि इंग्रजीचं छान जुळतं. गाडी घसरते ती पुढे. म्हणजे घाई पाटीवर नसते, आपल्याला असते तेव्हा!

माझी रूममेट बिडकीनची. पहिली ते दहावी मराठी माध्यम, गणितात आणि स्ट्रेंग्थ ऑफ मटेरिअल्समध्ये आमच्या बॅचमध्ये तिचा हात धरणारं कुणी नाही. मागे एका मॉक इंटरव्ह्यूत तिचा नंबर सगळ्यात शेवटी आला. पैठणकडे जाणारी एस.टी. सुटायची वेळ झालेली. समोरच्यांनी आणखी काही विचारायचं आहे का म्हटल्यावर ही म्हणाली, ‘नो सर, आय हॅव हरी.’ समोरचे हसले. वाईट हसले नसतील, पण हसले. त्यानंतर दोन दिवस ही बाई खोलीत एक इंग्रजी शब्द बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मला विचारलं, ‘आय हॅव हरी चूक आहे हे कळलं गं, पण काहून चूक आहे?’

या ‘काहून’ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी कॉन्व्हेंटची. आम्हाला ‘इन अ हरी’ असं म्हणतात हे कुणी शिकवलं नाही, ते कानावर पडत गेलं आणि तोंडात बसलं. ज्याला भाषा अशी आयती मिळते त्याला कारण सांगता येत नाही, आणि ज्याला कारण हवं असतं त्याला आपण ‘असंच असतं’ म्हणून गप्प करतो. मग आम्ही दोघींनी मिळून या एका शब्दाचा पार चुरा केला. त्यातून जे निघालं ते इथे लिहिते आहे. (ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाच्या हवाली!)

हा प्रश्न एका शब्दाचा वाटतो, पण आमच्या भागात सध्या त्याला वजन आहे. बिडकीन म्हणजे संभाजीनगर-पैठण रस्त्यावरचं, पैठण तालुक्यातलं गाव. २९ सप्टेंबर २०२४ ला तिथल्या ७,८५५ एकरांच्या औद्योगिक क्षेत्राचं लोकार्पण झालं. त्याच्या आधी दोन महिने, जुलै २०२४ मध्ये, टोयोटा किर्लोस्करने आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी करार केला होता. ज्यांच्या शिवारात हे सगळं उभं राहतंय त्यांच्याच पोरीपोरांनी इंटरव्ह्यूच्या टेबलावर एका शब्दाने गप्प बसावं, हे काही मला पटत नाही.

तर आता मुद्द्यावर. ‘आय हॅव हरी’ हे वाक्य येतं कुठून?

ते मूर्खपणातून येत नाही, चांगल्या तर्कातून येतं. ‘मला ताप आहे’ हे इंग्रजीत ‘आय हॅव अ फीव्हर’. ‘मला परीक्षा आहे’ हे ‘आय हॅव अ‍ॅन एक्झाम’. ‘मला वेळ नाही’ हे ‘आय हॅव नो टाइम’. तीन वेळा ‘मला’च्या जागी ‘आय हॅव’ घातलं आणि तिन्ही वेळा उत्तर बरोबर आलं. तीन रीडिंग्ज एका रेषेत आल्यावर आपण इंजिनिअर लोक काय करतो? रेषा पुढे वाढवतो. ‘मला घाई आहे’, म्हणून ‘आय हॅव हरी’. याला एक्स्ट्रापोलेशन म्हणतात, आणि ग्राफ पुढे वाकतो की नाही हे न बघता ते केलं की काय होतं ते लॅबमध्ये आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

ग्राफ इथे वाकतोच. ‘मला भूक लागली’ हे ‘आय अ‍ॅम हंग्री’, ‘मला भीती वाटते’ हे ‘आय अ‍ॅम अफ्रेड’, ‘मला राग आला’ हे ‘आय अ‍ॅम अँग्री’. मराठीत भूक, भीती, राग, घाई, आठवण, कंटाळा हे सगळे पाहुणे आहेत. ते आपल्याकडे येतात, आपल्याला लागतात, वाटतात, होतात. आपण कर्ता नसतोच, आपण नुसते ‘मला’ म्हणून दारात उभे. इंग्रजीत मात्र बहुतेक वेळा मीच कर्ता, मीच त्या अवस्थेत. ताप, परीक्षा, वेळ या गोष्टी इंग्रजीला ‘जवळ असलेल्या’ वाटतात, म्हणून तिथे ‘हॅव’. घाई तिला जवळ बाळगायची वस्तू वाटत नाही. घाई म्हणजे तिच्या लेखी एक जागा, जिच्या आत माणूस असतो. म्हणून ‘आय अ‍ॅम इन अ हरी’.

हे मी रूममेटला सांगितलं तेव्हा ती लगेच म्हणाली, ‘मग मराठीत बी तसं हायेच की. मी घाईत आहे.’

अगदी खरं! मराठीत दोन्ही वाक्यं आहेत. ‘मला घाई आहे’ आणि ‘मी घाईत आहे’. पहिल्यात ‘ला’, दुसऱ्यात ‘त’. शाळेत पाठ केलेल्या विभक्तीच्या तक्त्यात सप्तमीचा ‘त’ होता ना, तोच इंग्रजीतला ‘इन’. म्हणजे चूक इंग्रजीत नव्हतीच, चूक आधीच्या स्टेशनावर झाली होती. भाषांतर करायला आपण मराठीतलं चुकीचं वाक्य उचललं होतं. ‘मी घाईत आहे’ हे उचललं असतं तर शब्दाला शब्द ठेवूनही बरोबर आलं असतं. मराठी डोक्यात विचार करायचा नाही, थेट इंग्रजीतच विचार करा, असा सल्ला आपल्याला कायम मिळतो. ज्याने पंधरा-वीस वर्षं मराठीत विचार केला त्याने तो उद्यापासून बंद कसा करायचा हे मात्र कुणी सांगत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. मराठीतच विचार करा, फक्त मराठीतली दोन-तीन वाक्यं आठवून त्यातलं इंग्रजीला जवळचं निवडा. आपली भाषा श्रीमंत आहे, पर्याय सापडतो. ‘मला अडचण आहे’ आणि ‘मी अडचणीत आहे’, ‘मला शंका आहे’ आणि ‘मी शंकेत आहे’, अशा जोड्या शोधत बसायचा आम्हाला नादच लागला होता.

आपल्या आजोबांच्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. पुढे २००० साली महाराष्ट्रात मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलं, त्याआधी ते पाचवीपासून असायचं. म्हणजे आमची पिढी शाळेत दहा वर्षं इंग्रजी शिकली. शब्द भरपूर आले. पण शब्द कोणत्या खुर्चीवर बसतो ते वाक्यात बघावं लागतं, स्पेलिंगच्या वहीत ते दिसत नाही.

आता त्या ‘इन अ हरी’मधल्या ‘अ’ बद्दल. हा इवलासा ‘अ’ फार जणांचा सुटतो. ‘आय अ‍ॅम इन हरी’ हे वाक्य तर कॅम्पसमध्ये दिवसाला शंभर वेळा ऐकू येतं. का लागतो ‘अ’? खरं सांगायचं तर याला पक्का नियम नाही. ‘इन अ हरी’, ‘इन अ रश’, ‘इन अ पॅनिक’, ‘इन अ मेस’ यांना लागतो. ‘इन ट्रबल’, ‘इन डेंजर’, ‘इन पेन’, ‘इन लव्ह’ यांना लागत नाही. (हॉस्टेलमध्ये शेवटचा प्रयोग न चुकता सगळ्यांना बरोबर येतो हे विशेष.) गंमत म्हणजे ‘हेस्ट’ हा घाईचाच दुसरा शब्द, जरा जुना आणि पुस्तकी, पण तो ‘इन हेस्ट’ असा बिन-अ चा जातो. तेव्हा ‘इन अ हरी’ हे तीन शब्द नाहीत, एकच शब्द आहे असं धरा आणि सुटा करू नका. जोर वाढवायचा तर मध्ये शब्द घालता येतो: ‘इन अ ग्रेट हरी’, ‘इन सच अ हरी’. साहेबी थाट हवा असेल तर ‘इन अ टेअरिंग हरी’, म्हणजे अगदी अंगावरचे कपडे फाटेपर्यंतची घाई. ‘इन टू मच हरी’ मात्र नको.

‘अ’ जातो कधी? ‘देअर इज नो हरी’, काही घाई नाही. ‘व्हॉट्स द हरी?’, एवढी काय घाई आहे? आणि एक फार कामाचा प्रयोग: ‘इन माय हरी टू कॅच द बस, आय लेफ्ट माय फाइल इन द लॅब’. बस पकडायच्या घाईत फाइल लॅबमध्ये राहिली. उशिरा सबमिशन करणाऱ्यांनी हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवावं.

पुढची अडचण ‘करणे’ची. आपण घाई ‘करतो’, म्हणून ‘डोन्ट डू हरी’, ‘डोन्ट मेक हरी’ अशी वाक्यं तयार होतात. इंग्रजीत ‘हरी’ हे नुसतं नाम नाही, ते स्वतःच क्रियापदही आहे. त्यात ‘करणे’ आधीच आहे, वरून आणखी ओतायला नको. ‘डोन्ट हरी’, संपलं. (‘मेक हेस्ट’ असं जुन्या इंग्रजीत चालायचं, पण ते हेस्टला, हरीला नाही.) कुठे घाईने जायचं असेल तर ‘ही हरीड टू द स्टेशन’. घरी जायचं असेल तर मधला ‘टू’ही जातो, ‘हरी होम’. विचार न करता निर्णय घेऊन टाकला तर ‘ही हरीड इंटू अ डिसिजन’.

आणि आपलं लाडकं ‘हरी अप’! हे वेगाने पाय उचलण्यापेक्षा ‘आवर, आटप, उरक’ या अर्थाचं आहे. बाथरूमच्या दारावर थाप मारून सकाळी साडेसातला जे ओरडतात ते म्हणजे ‘हरी अप’. इथे एक धोका आहे. मराठीत आपण बहिणीला ‘आवर’ म्हणतो आणि सरांना ‘आवरा’ म्हणतो, किंवा तेही म्हणत नाही, ‘सर, निघायचं का?’ असं विचारतो. आदर त्या एका कान्यात मावतो. इंग्रजीत ‘यू’ एकच. त्यामुळे ‘हरी अप’ हे थोरामोठ्यांना म्हटलं की त्यात ‘आवर रे’चा वास येतो. पुढे ‘सर’ लावलं, ‘प्लीज’ लावलं तरी तो पूर्ण जात नाही. इंडस्ट्रिअल व्हिजिटला बस उभी आहे आणि सर अजून चहा घेतायत, तर ‘सर, प्लीज हरी अप’ म्हणू नये. ‘सर, द बस लीव्हज इन टेन मिनिट्स’ एवढंच सांगावं, शहाण्याला पुरतं. किंवा स्वतःलाही त्यात धरावं, ‘वी शुड हरी, सर’. मराठीतही आपण ‘निघूया’ म्हणून हेच करतो की. (स्टाफ मंडळींनी हा परिच्छेद मनावर घेऊ नये.)

‘हरी’ क्रियापदाचं आणखी एक रूप मला फार आवडतं, ते म्हणजे दुसऱ्याला घाई करणं. ‘डोन्ट हरी मी’, मला घाई करू नका. वस्तूलाही ते लागतं. पैठणला हातमागावर पैठणी विणायला बसतात, पदराची नक्षी जितकी भरगच्च तितके महिने जास्त. तिथे जाऊन कुणी ‘लग्न पुढच्या आठवड्यात आहे, जरा भराभर’ म्हटलं तर त्याला इंग्रजीत सांगायचं, ‘यू कान्ट हरी अ पैठणी’. सिव्हिलवाल्यांना हेच काँक्रीटबद्दल म्हणता येईल. त्याची ताकद २८ दिवसांची मोजायची म्हणजे २८ दिवसांची, ‘यू कान्ट हरी काँक्रीट’. (अ‍ॅक्सिलरेटर घालून थोडं पुढे ढकलता येतं, हे सर सांगतीलच.)

आता येते ती सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि इंटरव्ह्यूत नोकरी जाण्याइतकी महत्त्वाची. वेग आणि घाई एक नाहीत. राजधानी एक्सप्रेस ‘फास्ट’ आहे, पण ती ‘इन अ हरी’ नसते. घाई असते ती तिच्यामागे प्लॅटफॉर्मवर धावणाऱ्या माणसाला. ‘फास्ट’ आणि ‘क्विक’ यांत नुसता वेग आहे. ‘हरी’मध्ये वेग अधिक दडपण आहे, वेळ अपुरा असल्याची टोचणी आहे. म्हणून ‘अ क्विक लंच’ म्हणजे झटपट जेवण, आणि ‘अ हरीड लंच’ म्हणजे घशाखाली कसंबसं ढकललेलं जेवण. दोन्हींना मिनिटं तितकीच लागली असतील.

हे कळलं की पुढचा खड्डा दिसतो. प्रोजेक्टबद्दल सांगताना कुणी ‘वी डिड इट हरीडली’ म्हणाला, तर त्याच्या मनात असतं ‘आम्ही भराभर केलं’, आणि समोरच्याला ऐकू येतं ‘आम्ही घिसाडघाई केली’. ‘आय ऑल्वेज वर्क इन अ हरी’ हे तर स्वतःच्या हाताने स्वतःचा रेझ्युमे फाडणं आहे. तिथे ‘आय वर्क फास्ट’, ‘वी फिनिश्ड इट क्विकली’, ‘वी फिनिश्ड इट अहेड ऑफ टाइम’ असं म्हणावं. काम तेच, शब्द बदलला की तुम्ही आळशीचे हुशार होता.

घिसाडघाई या शब्दावरून आठवलं. त्याचं नातं गावोगाव पाल ठोकून लोखंडी अवजारं घडवणाऱ्या घिसाडी लोकांशी जोडलं जातं. बाजारच्या दिवशी गिऱ्हाईक समोर उभं, तिथल्या तिथे विळा-खुरपं करून द्यायचं, म्हणून त्यांची घाई. पण मेकॅनिकलची मुलगी म्हणून मला हा शब्द त्यांच्यावर अन्याय करणारा वाटतो. लोखंड लाल आहे तोवरच घाव घालावे लागतात, थंड झालं की ते दबत नाही, तडकतं. फोर्जिंगच्या तासाला आपण हेच शिकतो. म्हणजे घिसाड्याचं काम ‘क्विक’ असतं आणि तसंच असावं लागतं, ‘हरीड’ नव्हे. मराठीने त्या एका शब्दात वेगाला आणि निष्काळजीपणाला एकत्र बांधून टाकलं आणि बिचाऱ्या कारागिराचं नाव त्याला चिकटलं.

मराठीचं दुसरं गाठोडं म्हणजे ‘लवकर’. हा शब्द आपल्याला जितका सोपा तितका इंग्रजीत जाताना अवघड, कारण त्याच्या पोटात तीन इंग्रजी शब्द आहेत. ‘मी सकाळी लवकर उठते’ यात तो ‘अर्ली’ आहे. ‘निकाल लवकर लागेल’ यात ‘सून’ आहे. ‘लवकर चाल’ यात ‘फास्ट’ किंवा ‘क्विकली’ आहे. आणि आई नुसतं ‘लवकर!’ म्हणून ओरडते तेव्हा तो ‘हरी अप’ असतो. म्हणून ‘आय वोक अप फास्ट’ असं कुणी म्हणतं आणि समोरच्याला वाटतं हा गादीवरून उडी मारून उठला. ओळखायची युक्ती आमच्याच विषयातली आहे. ठरलेल्या वेळेशी तुलना असेल, घड्याळ किंवा टाइमटेबल मध्ये असेल, तर ‘अर्ली’. आत्तापासून किती वेळाने हे सांगायचं असेल, म्हणजे नुसता ‘डेल्टा टी’ लहान असेल, तर ‘सून’. वेग सांगायचा असेल तर ‘फास्ट’. आता घरून फोन येतो, ‘लवकर ये’. दिवाळीच्या सुट्टीआधी आला असेल तर ‘कम अर्ली’, खूप दिवसांत घरी गेला नसाल तर ‘कम सून’, आणि कुणी आजारी असेल तर ‘कम क्विकली’. मराठीत आई हे तिन्ही एकाच शब्दात म्हणते आणि आपल्याला तिच्या आवाजावरून बरोबर कळतं.

द्विरुक्तीबद्दल दोन ओळी. मराठीत घाई झाली की शब्दसुद्धा दोनदा येतो: पटपट, भराभर, लवकर लवकर, घाईघाईनं. इंग्रजीला हे झेपत नाही. ‘डू फास्ट फास्ट’ हे आपल्याकडे सगळ्यांना कळतं, बाहेर हसतात. ‘घाईघाईनं’ला ‘हरीडली’ किंवा ‘इन अ हरी’ एकदाच.

आणि ‘रश’! हा शब्द आपण मराठीत घेतला तो गर्दी या अर्थाने. ‘आज एस.टी.ला लई रश होता.’ मराठी म्हणून हे वाक्य झकास आहे, बदलायची गरज नाही. पण तेच ‘द बस वॉज व्हेरी रश’ करून इंग्रजीत परत पाठवलं की अडतं. बस ‘क्राउडेड’ असते, माणूस ‘इन अ रश’ असतो. ‘रश अवर’मध्ये गर्दी आणि घाई दोन्ही असतात, गोंधळ बहुधा तिथूनच झाला. ‘अर्जंट’चंही तसंच. ‘अर्जंट झेरॉक्स’, ‘अर्जंट फोटो’, ‘अर्जंट पैसे पाठवा’ हे आपलं चालतं. इंग्रजीत काम ‘अर्जंट’ असतं, माणूस नाही. ‘आय अ‍ॅम अर्जंट’ म्हटलं की लोक बाथरूमचा रस्ता दाखवतील. तशी ‘घाईची लागली’ ही मराठीतली घाई वेगळीच, तिचं भाषांतर इथे देत नाही!

उच्चाराचा प्रश्न मात्र आपल्याला नाही. इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन ‘र’ दिसतात म्हणून काही जण ‘हर्री’ म्हणतात, पण बोलताना एकच. सरळ ‘हरी’, वरी आणि करी यांच्याशी यमक जुळणारा. नाथांच्या पैठणच्या वाटेवरच्या माणसाला ‘हरी’ म्हणायला शिकवायचं म्हणजे गोदावरीला पाणी दाखवणं. फक्त ‘हॅरी’ म्हणू नका, तो चष्मेवाला जादूगार.

या शब्दाचं मूळ शोधताना एक मजेशीर गोष्ट सापडली. इंग्रजीत ‘हरी’ फार जुना नाही, सोळाव्या शतकाच्या शेवटी शेवटी दिसू लागतो, आणि तो बहुधा आवाजावरून आलेला आहे. शेक्सपिअरच्या ‘कोरिओलेनस’ नाटकात तो ‘घाई’ या अर्थाने येतच नाही. तिथे त्याचा अर्थ आहे लोकांचा दंगा, खळबळ. हे वाचल्यावर रूममेट टाळी देऊन म्हणाली, ‘म्हणजे गडबड!’ तंतोतंत. आमच्याकडे ‘मला गडबड आहे’ म्हणजे मला घाई आहे, आणि ‘वर्गात काय गडबड चाललीय?’ म्हणजे दंगा. शब्दही आवाजावरूनच आलेला. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच रस्ता धरला. ‘हरी’ला यमकातल्या दोन बहिणीही आहेत. ‘स्करी’ म्हणजे उंदरासारखं तुरुतुरु पळणं, आणि ‘फ्लरी’ म्हणजे अचानक उडालेली धांदल. ‘तारांबळ’ला त्यातल्या त्यात जवळचा हाच. आपली तारांबळ तर म्हणे मंगलाष्टकांनंतर भटजी म्हणतात त्या ‘ताराबलं’वरून आली, कारण नेमक्या त्याच क्षणी मांडवात सगळ्यांची पळापळ होते. लगीनघाईचं सगळं बिऱ्हाड एकाच मांडवात! लगबग मात्र वेगळी. लगबगीत आनंद आहे, दिवाळीची असते, माहेरी जायची असते. तिला इंग्रजीत एक शब्द आम्हाला मिळाला नाही. ‘बसल’ जवळ जातो, पण त्यात माहेर नाही.

शेवटी एक वळसा, जो आम्हाला दोघींना फार आवडला. ‘इन नो हरी टू’ म्हणजे नुसतं ‘घाई नाही’ असं नाही, तर ‘तशी इच्छाच नाही’. अंगावर एकशे आठ वेळा थुंकणाऱ्याला एकनाथांनी काही न बोलता दर वेळी गोदावरीत परत स्नान केलं अशी कथा सांगतात. तिथे म्हणता येईल, ‘ही वॉज इन नो हरी टू गेट अँग्री’. आणि वाक्यात ‘वोन्ट’ आलं की ‘इन अ हरी’चा अर्थ एकदम बदलतो. तिथे घाईचा संबंधच उरत नाही, अर्थ होतो ‘इतक्यात नाही, बहुतेक कधीच नाही’. ‘आय वोन्ट फरगेट धिस इन अ हरी’ म्हणजे हे मी सहजासहजी विसरणार नाही.

रूममेटने हे वाक्य ऐकलं, थोडा विचार केला आणि त्या रात्री मेसमधली वांग्याची भाजी बाजूला सरकवून सगळ्या टेबलाला ऐकू जाईल असं म्हणाली, ‘आय वोन्ट ईट दॅट अगेन इन अ हरी!’